खुशाली कळवणे

भोरचे राजे म्हणजे पंतसचिव. सचिव म्हटलं की आज मंत्रालयातला अधिकारी डोळ्यांपुढे येतो, पण शिवकाळात या पदाचं काम वेगळं होतं. राज्याची पत्रं या माणसाच्या नजरेखालून जायची. मजकुरात काही कमी-जास्त असेल तर तो दुरुस्त करायचा आणि मगच कागद रवाना व्हायचा. या पदाला आधी सुरनीस म्हणत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास दरबारातली फारसी पदनामं जाऊन संस्कृत पदनामं आली, तेव्हा सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला आणि डबीराचा सुमंत. पुढे राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद शंकराजी नारायण यांच्याकडे आलं. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत भोर त्यांच्याच घराण्याकडे होतं. थोडक्यात, आमचं गाव ही पत्रं तपासणाऱ्यांची राजधानी.

पदांची नावं बदलली, पण पत्रांतले शब्द जागेवरून हलले नाहीत. कागद, मजकूर, हकीकत, जबाब, तारीख, रवाना, सगळे तसेच राहिले. मोडी पत्रांत पुष्कळदा ‘छ’ हे अक्षर आणि त्यापुढे मोहरम, सफर, रजब असा महिना दिसतो. हा छ म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी चांद्रमासाची तारीख. मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, त्यामुळे मुलांना हे दाखवताना मजा येते. पण त्यांना सर्वांत जास्त नवल वाटतं ते खुशाली या शब्दाचं. फारसीतला ‘खुशहाल’ मराठीत येऊन असा मुरला की तो पाहुणा होता हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. जुन्या पत्रांत इकडचं कुशल जाणून तिकडचं कुशल लिहीत जावं, अशा अर्थाची ओळ ठरलेली असे. घरगुती पोस्टकार्डावर तिचं ‘आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी’ झालं. उर्दू खतात तीच ओळ ‘यहाँ सब खैरियत है और आपकी खैरियत नेक मतलूब है’ अशी येते.

याच ओळीचं आजचं रूप म्हणजे सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर येणारं गुलाबाचं फूल. वर ‘शुभ सकाळ’ नाहीतर ‘अस्सलामु अलैकुम, सुबह बखैर’. पोरं हसतात आणि ग्रुप म्यूट करतात. मात्र ही फुलं पाठवणाऱ्या पिढीने आयुष्यभर आपली खुशाली कशी आणि कुणाच्या मार्फत कळवली, ते पाहिलं तर हसू जरा आवरतं.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे डोंगरी तालुके. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्ह्याला राजगड हे नाव मंजूर केलं, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच लिहितो. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या ५४ हजार ५१६ होती, जिल्ह्यातल्या तालुक्यांत सर्वांत कमी. भोरची १ लाख ८६ हजार ११६. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, रोहिड खोरं ही सगळी नावं इथलीच. भात, नाचणी, वरई पिकणार, आणि पावसाळा सरला की हाताला काम नाही. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तशी इथली माणसं तिकडे गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर ओझी वाहायला. धरणांनी आणखी पांगवलं. १९२० च्या दशकात येळवंडी नदीवर भाटघरचं मोठं धरण झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुणं बुडालं हे सगळे सांगतात. पण पानशेत आणि वरसगावच्या पाण्याखाली मुळात वेल्ह्याकडची गावं गेली आणि तिथली माणसं दौंडच्या माळावर जाऊन राहिली, हे सांगणारे कमी.

यात मुसलमानांची घरं मोजकी. एखाद्या गावात एखादं मुलाण्याचं घर, भोर-नसरापूरसारख्या बाजाराच्या गावी तांबोळी, अत्तार, बागवान, मोमीन. गावात बिरादरीचं दुसरं घरच नसेल तर सोयरीक लांबच होणार. शिरवळ, वाई, सासवड, पुणे, नाहीतर वरंध घाट उतरून थेट महाड. एका आईच्या चार लेकी चार दिशांना. आज सत्तर-पंच्याहत्तरीत असलेल्या आमच्या बाया एकमेकींपासून अशा तुटल्या. पुरुषाला निदान बाजार होता, उरूस होता, खेड शिवापूरला कमरअली दरवेशांच्या दर्ग्यात गाठीभेटी व्हायच्या. बाईला लग्न नाहीतर मय्यत.

मग त्या एकमेकींची खबरबात घ्यायच्या कशा? सर्वांत जुना मार्ग निरोपाचा. बांगड्या विकायला गावोगाव फिरणारा मनियार, आठवडी बाजार करणारा बागवान, एसटीचा ओळखीचा कंडक्टर, यांच्या तोंडी निरोप जायचा. पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, किंमत एक पैसा. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, मनीऑर्डर सुरू झाली. मुंबईला गेलेल्या माणसांची गावं पुढे शंभर वर्षं या मनीऑर्डरवर जगली. तिच्या फॉर्मला खाली मजकुराची छोटी जागा असायची. चार बोटांच्या त्या जागेत नवऱ्याने काय लिहिलंय ते पोस्टमन वाचून दाखवायचा आणि ओसरीवर बसलेली सगळी आळी ते ऐकायची.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा इथेच आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाला खासगी पत्र नसतं. आमच्या बायांपैकी बऱ्याच जणींना कुराण वाचता येतं, म्हणजे अरबी अक्षर लागतं, पण त्यात स्वतःचं मनोगत लिहिता येत नाही. काहींना देवनागरीत सहीपुरतं येतं. पत्र लिहायचं तर कुणाला तरी बसवायचं. शाळेतला मास्तर, शिकलेला पुतण्या, नाहीतर स्वतःचाच मुलगा. बहिणीला सांगायचंय की सून नीट बोलत नाही, आणि पत्र लिहितोय सुनेचा नवरा! मग काय सांगणार? ‘तब्येत ठीक आहे, पाऊस बरा आहे.’ सांगणाऱ्या बाईचं अर्धं बोलणं लिहिणाऱ्याच्या टाकातच आटायचं. मजकुरातलं कमी-जास्त दुरुस्त करणारा एक सचिव प्रत्येक घरात बसलेला होता.

त्यात भाषेची आणखी एक चाळणी. आम्ही घरात बोलतो ती दखनी. ही दखनी एके काळी विजापूरच्या दरबारची होती. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने ‘किताब-ए-नवरस’ लिहिलं ते याच भाषेत, आणि आमची ही मावळी खोरीही एके काळी त्याच विजापूरकरांच्या अमलात होती. पुढे दखनी कागदावरून उतरली ती उतरलीच. शाळेत शिकवतात ती उर्दू वेगळी आणि मराठी तर वेगळीच. त्यामुळे आमच्या बायांच्या तोंडचं ‘हौ गे, आज जरा बरा लगरा’ हे पत्रात जाताना ‘अब तबीयत बेहतर है’ होऊन जायचं, नाहीतर ‘प्रकृती बरी आहे’. बहिणीला पत्र पोचायचं, पण त्यात बहिणीचा आवाज नसायचा.

आवाज पहिल्यांदा आला तो कॅसेटवर. १९७० नंतर कोकणातली माणसं मोठ्या संख्येने आखातात गेली आणि घरच्यांसाठी टेपवर बोलून कॅसेटी पाठवू लागली. महाडकडे दिलेल्या आमच्या नात्यातल्या बायांनी या कॅसेटी ऐकल्या आहेत. टेपरेकॉर्डर घरात एकच आणि तो दिवाणखान्यात, त्यामुळे इथेही ऐकणारे दहा जण. मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरायचा म्हणून लोक जेवून रांगेला उभे राहायचे. काचेच्या खोक्यात उभं राहून, लाल आकडे पळताना बघत, बाई बोलणार तरी काय? तारेबद्दल तर बोलायलाच नको. तार म्हणजे मय्यत, एवढंच समीकरण. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. आमच्या आळीत कुणाला तिची आठवण येत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

त्याच २०१३ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायची सोय आली, अर्थात तेव्हा त्याचा इथे कुणाला पत्ता नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, पोरांनी नवे फोन घेतले आणि जुने फोन घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आले. काचेला तडा गेलेले, बॅटरी दुपारीच मान टाकणारे. तोरणा-राजगडाच्या पोटातल्या वाड्यांवर रेंज आजही ठरावीक जागीच मिळते, कुठे देवळाच्या पायरीवर तर कुठे गोठ्यामागच्या दगडावर. तिथे जाऊन, माइकचं चित्र अंगठ्याने दाबून धरून बोलायचं आणि बोट उचलायचं. एवढंच शिकायचं होतं. ते कुणाच्या नातवाने शिकवलं, कुणाच्या शेजारणीने.

माझी अम्मी अशाच एका ग्रुपात आहे. साठीपुढच्या बाया, भोर-वेल्ह्याच्या माहेरवाशिणी आणि सासुरवाशिणी. पुरुषांना प्रवेश नाही, मलाही नाही, त्यामुळे सांगतोय ते तिच्याकडून ऐकलेलं. सकाळी प्रत्येकीने सलाम टाकायचा. फूल टाका, नाहीतर नुसतं बोला. जोहरच्या अजानपर्यंत जिचा सलाम आला नाही तिला फोन करायचा. फोन उचलला नाही तर शेजारी कळवायचं. यासाठी एकट्या राहणाऱ्या प्रत्येकीच्या शेजाऱ्याचा नंबर दोघी-तिघींनी आपल्या फोनमध्ये ठेवलेला आहे. वेल्ह्याकडच्या अशा बहुतेक शेजारणी मराठा घरातल्या. एका पावसाळ्यात एक बाई सकाळी मोरीत घसरून पडली, उठता येईना. दुपारी शेजारच्या वहिनी दार ढकलून आत गेल्या, त्या शिरवळहून कुणीतरी फोन केल्यामुळे. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाई वाचली. फुलांना हसणाऱ्या तिच्या नातवाने त्यानंतर तिला नवा फोन घेऊन दिला.

सरकार पेन्शनदारांकडून वर्षातून एकदा हयातीचा दाखला घेतं. हयात हाही आपलाच अरबी शब्द. २०१४ पासून तो अंगठा लावून डिजिटलही काढता येतो. कुठल्या केंद्रात यंत्र चालू आहे, कुणाचे ठसे उमटत नाहीत, श्रावणबाळचे पैसे जमा झाले का, पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट म्हणजे नेमकं कोणतं ओळखपत्र दाखवायचं, हा सगळा व्यवहार ग्रुपात बोलून होतो. साखरेच्या गोळ्या स्वारगेटहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती येतात. रमजानमध्ये सहरीला पूर्वी फकीर हाक मारत जायचे, आता ज्यांना आधी जाग येते त्या बाकीच्यांना उठवतात.

लॉकडाऊनमध्ये या ग्रुपाची खरी कसोटी लागली. २०२० चा रमजान एप्रिलअखेरीस लागला तेव्हा मशिदी बंद होत्या. कुणी वारलं तर दफनाला मोजकी माणसं, बायांना ताजियतीला जायचा रस्ताच नाही. तेव्हा त्यांनी पारे वाटून घेतले. कुराणाचे तीस पारे, प्रत्येकीने आपापल्या घरी एक वाचायचा आणि झाला की ग्रुपात आकडा टाकायचा. सात झाला. बावीस झाला. ज्यांना पत्र लिहिता आलं नाही त्यांना अरबी वाचता येत होतं, ते इथे उपयोगी पडलं. रात्रीपर्यंत तीस भरायचे. मग कुणीतरी दुआ मागायची आणि बाकीच्यांनी कानाला फोन लावून आमीन म्हणायचं.

पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, महाड बुडालं. सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या, वीज गेली, फोन गेले. घाटही बंद. ग्रुपातल्या महाडच्या बायांचा सलाम आला नाही, आणि पाठवायला शेजारीही नव्हता. अम्मी दोन दिवस दर तासाला फोन उघडून बघत होती. तिसऱ्या दिवशी एकीचा आवाज आला, पंधरा सेकंदांचा. ‘जिंदा है गे. घरमें चिक्कल है.’ अम्मीने तो मला चार वेळा ऐकवला.

आता दुसरी बाजू. मधला माणूस गेला असं मी वर म्हटलं, ते बायांच्या या ग्रुपापुरतं खरं आहे. पुरुषांच्या, विशेषतः गावच्या आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपांत नवा मधला माणूस आलाय आणि त्याचं नावगाव कुणाला माहीत नाही. कुठूनतरी मजकूर येतो, ‘पुढे पाठवा’ म्हणतो आणि आयुष्यभर एका बाकावर बसलेला माणूस तो पुढे पाठवतो. याचं टोक कुठे जातं ते पश्चिम महाराष्ट्राने पाहिलंय. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त होऊन मशिदीवर हल्ला झाला, माणूस मारला गेला. हे भोरपासून लांब नाही. शिरवळ लागलं की सातारा जिल्हाच.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी आहेत, तांबोळी घरातले. त्यांच्या अकरावी मॅट्रिकच्या ग्रुपात त्यांच्या जिवलग वर्गमित्राने मुसलमानांविषयीचा एक घाणेरडा मजकूर टाकला. स्वतः लिहिलेला नव्हता, आलेला ढकलला होता. ग्रुपात मुसलमान तिघे. दोघे त्याच दिवशी बाहेर पडले. गुरुजी थांबले. मी विचारलं, तुम्ही का नाही पडलात? म्हणाले, ‘अरे, पडलो तर त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते मला कोण सांगेल?’ त्यांनी त्या मजकुरावर चर्चा केली नाही. मित्राला वेगळा आवाजी निरोप पाठवला, आधी गुडघ्याची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, ‘ते सकाळचं तू वाचून टाकलंस का रे, का तसंच?’ उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी मित्राने गुलाबाचं फूल पाठवलं. त्यानंतर तो गुरुजींना फक्त फुलंच पाठवतो. गुरुजी याला मैत्री म्हणतात. मला ते तेवढं सोपं वाटत नाही. जे दोघे बाहेर पडले त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. सत्तरीतल्या माणसाने रोज सकाळी अपमान उघडून बघावा आणि वर संयमही दाखवावा, ही अपेक्षा कुणाकडून आणि का करायची?

इतिहास शिकवणाऱ्या माणसांना एक वेगळी काळजीही लागायला हवी. मोडी पत्रं टिकली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० नंतर त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, म्हणून अठराव्या शतकातला सरदार कुठल्या दिवशी तापाने आजारी होता हेसुद्धा आपल्याला कळतं. आमच्या बायांचं बोलणं कुठे टिकणार? फोन भरला की नातू ‘ऑडिओ’चं फोल्डर रिकामं करतो. कागदावरून कधीची उतरलेली दखनी, वेल्ह्याकडच्या मराठीत मिसळलेली, लेखनिकाची कात्री न लागलेली, रोज तासन्‌तास बोलली जाते आणि महिन्याच्या महिन्याला पुसली जाते. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा मोठं दप्तर मिळायचं नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी काही जणींना विचारून, त्यांच्या परवानगीने, त्यांचे जुने निरोप एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतोय. तारीख घालतो, इसवीही आणि हिजरीही. पाच-सहा जणींनी आनंदाने दिले. एकीने भाताच्या लावणीची गाणी मुद्दाम नव्याने म्हणून पाठवली. आमच्याच गल्लीतल्या एका खालांकडे मात्र चार वर्षांचे निरोप आहेत, त्यांच्या आणि वाईच्या बहिणीच्या बोलण्याचे. बहीण आता नाही. नातवाने ते पुसू नयेत म्हणून खालांनी जुना फोन कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलाय. मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, ‘नक्को बेटा. वो मेरेकू बोली थी.’